येशूचं गालबोट

"इंडियन पाहिजे, मिसेस हुक्केरीकर," सिस्टर बेनेडिक्टा म्हणाल्या, "पण स्वल्प."

स्वल्प म्हणजे थोडं. बंगलोरला येऊन मला तेव्हा चार वर्षं झाली होती. कानडीतला हाच शब्द मी सगळ्यांत आधी उचलला, पण त्याचं माप काही मला कळलं नव्हतं. भाजीवालीकडे स्वल्प कोथिंबीर मागितली की दोन काड्या मिळतात, आणि दवाखान्यात कंपाउंडर 'स्वल्प थांबा' म्हणाला की तास जातो. चौसष्ट सालचे सप्टेंबर ते नोव्हेंबर, असे तीन महिने माझे त्या स्वल्पाचं माप शोधण्यात गेले.

डिसेंबरात पोप मुंबईला येणार होते. देशभरातून त्यांना भेटी जाणार होत्या, आणि त्यांच्याकडूनही उलट भेटी येणार होत्या. शिवाजीनगरजवळच्या ज्या कॉन्व्हेंट शाळेत मी अलकाच्या जन्माआधी आठवड्यातून दोन दिवस ड्रॉइंग शिकवत असे, तिथल्या सिस्टरांनी ठरवलं की आपल्या मुलींतर्फे एक चित्र पाठवायचं. मेरी आणि बाळ येशू. मेरी साडीतली, आणि चित्राला सोन्याचं काम. सफेद्याची लुगदी करून नक्षी उठवायची आणि तिच्यावर सोन्याचा वर्ख बसवायचा, ही म्हैसूरकडची पद्धत मी इथे आल्यावर हौसेनं शिकले होते. म्हणून मला बोलावणं आलं.

"पण सिस्टर, मी हिंदू. चालेल?"

"म्हणून तर तुम्हाला सांगितलं. आमच्यातल्या कुणाला सांगितलं तर ती कॅलेंडरातली मेरी काढील. निळा झगा आणि सोनेरी केस. तुमच्या हातून आपोआप इंडियन येणार."

सिस्टर बेनेडिक्टा स्वतः कारवारच्या. रंगानं माझ्यापेक्षा दोन छटा सावळ्या, आणि माझ्याशी बोलायच्या ते कोंकणी वळणाचं मराठी. आपोआप इंडियन येण्यासाठी त्यांना मीच का लागावी, हे मला तेव्हा विचारायला सुचलं नाही. जूनपासून शाळेत पूर्ण वेळची जागा निघणार होती, आणि ती मला हवी होती.

घर आमचं मल्लेश्वरमला, दोन खोल्यांचं. हे सरकारी कारखान्यात इंजिनियर. सकाळी सातला कारखान्याच्या बसनं जायचे ते संध्याकाळी साडेपाचला यायचे. सासूबाई हुक्केरीकडच्या, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी कुठे सुरू होतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आणि अलका, तेव्हा सात महिन्यांची. आठव्या महिन्यात जन्मली, जेमतेम चार पौंडांची. आता चांगली गुटगुटीत झाली होती, तरी ती झोपली की दर थोड्या वेळानं मी तिच्या नाकाशी बोट धरून बघायची. पाणी वीस मिनिटं उकळायची, घड्याळ लावून. थर्मामीटर देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात, हाताशी.

"अगं, श्वास घेतीया ती," सासूबाई म्हणायच्या. "तू बघितलं न्हाईस तरी घेतीया."

अलका जागी असताना ब्रश हातात धरणं शक्यच नव्हतं. ती झोपली की मी फळी भिंतीला टेकवून बसायची. सकाळी दीड तास, दुपारी एक. सोन्याचा वर्ख इतका हलका की जरा श्वास सोडला तर उडतो, म्हणून खिडकी बंद, पंखा नाही, आणि एक कान पाळण्याकडे.

पहिल्यांदा चित्र दाखवायला नेलं ते एका शुक्रवारी, शाळेच्या जटक्यातून, म्हणजे इथल्या घोडागाडीतून, मांडीवर आडवं धरून. माझी मेरी इरकली साडी नेसली होती, डाळिंबी काठांची. कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, नाकात नथ, हातभर हिरव्या बांगड्या. माझ्या मते चित्र छान उतरलं होतं.

सिस्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"कुंकू नको."

"बरं."

"मंगळसूत्र पण नको."

"पण सिस्टर, तिचं लग्न झालं होतं ना?"

"झालं होतं. पण तसं नाही."

"मग कसं?"

"मिसेस हुक्केरीकर," त्या म्हणाल्या, "समितीत तीन फादर आहेत. मी त्यांना समजावणार की तुम्हाला?"

घरी येऊन कुंकू खरवडलं, मंगळसूत्रावर मानेचा रंग चढवला. पुढच्या शुक्रवारी नथ गेली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी एका फादरांचं म्हणणं आलं, आता ती इंडियन वाटत नाही. मग कपाळावर सोन्याची बारीक बिंदी चालेल का? चालेल, पण गोल नको, चांदणीसारखी हवी. बांगड्या मात्र राहिल्या, शाळेतल्या मुलींना त्या आवडल्या म्हणून. प्रत्येक वेळी मी विचारायची, "आता बरोबर आहे?" आणि सिस्टर म्हणायच्या, "स्वल्प अजून."

हे रोज संध्याकाळी चित्राकडे बघून विचारायचे, "आज काय काढलं?" मी म्हणायची, "आज काही काढलं नाही, आज पुसलं."

बाळाचा चेहरा मी शेवटपर्यंत कोरा ठेवला होता. सिस्टरांनी नमुन्याला एक छापील चित्र दिलं होतं. त्यातल्या बाळाचं अंग वर्षाचं आणि तोंड चाळिशीतल्या हेडक्लार्कचं. ते माझ्या हातून उतरेना. समोर पाळण्यात अलका झोपली होती, एक गाल उशीवर, दुसरा वर, ओठ जरासे उघडे. मी तेच काढलं. माझ्या चित्रातला येशू मेरीच्या मांडीवर गाढ झोपला आहे तो त्यामुळे. समितीतल्या फादरांना ती कल्पना फार अर्थपूर्ण वाटली म्हणे. कल्पना कसली? जागी असती तर ब्रशच खाल्ला असता तिनं.

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी दुपारी शेवटचं सोनं बसलं. मी मागे सरकून बघितलं. साडीचा पदर, बांगड्या, मांडीवरचं ते बाळ. बाळ फार गोड दिसत होतं. अलकाला न्हाऊ घालून, पावडर लावून, झबलं चढवून झालं की सगळ्यांत शेवटी काय करायचं असतं? गालाला काजळ. नऊ महिने रोज तेच करत होते मी. हातानं काळ्या रंगात बारीक ब्रश बुडवला आणि वरच्या गालावर एक ठिपका ठेवला. डोक्याला कुणी विचारलंच नाही. दृष्टबिष्ट मी मानत नाही. बी.ए.ला माझं तर्कशास्त्र होतं.

सासूबाई चहा घेऊन आल्या, चित्रासमोर उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदाच मान डोलावली. "हां. आता पुरं झालं."

शुक्रवारी सिस्टरांनी चित्र खिडकीजवळ नेलं. नाक चित्राला लागेल इतक्या जवळून बघितलं.

"हें कितें?" त्या एकदम कोंकणीत गेल्या. "तीळ?"

"नाही सिस्टर. गालबोट. दृष्ट लागू नये म्हणून..."

"कुणाची? देवाला कुणाची दृष्ट लागते?"

"देव आहे, पण बाळ आहे ना अजून," मी म्हटलं.

मला वाटलं त्या हसतील. त्यांनी दरवाजा लोटून घेतला.

"माझी आई मीठ-मिरच्या ओवाळायची, मिसेस हुक्केरीकर. आम्हाला क्रॉसासमोर बसवून. दृष्ट काय ती मला तुमच्याहून जास्त ठाऊक आहे. ठाऊक आहे म्हणूनच सांगते, पुसा. फादर बघतील, तर तुम्हाला काही म्हणणार नाहीत. माझ्याकडे बघून म्हणतील, ख्रिस्ती होऊन चारशे वर्षं झाली, अजून तुमच्यातून हे गेलं नाही." मग त्या म्हणाल्या, "आणि तुमच्या पेपरातच येतं ना, समारंभाला गालबोट लागलं? मग? पोपांच्या भेटीला गालबोट कशाला?"

याला उत्तर होतं. पण ते मला जटक्यात बसल्यावर सुचलं, नेहमीप्रमाणे. गालबोट लावणं वेगळं आणि गालबोट लागणं वेगळं, सिस्टर. आपण लावलं, की मग लागत नाही.

त्या वेळी मात्र मी पिशवीतून रंग काढले, आणि त्या उभ्या होत्या तिथेच, त्यांच्या टेबलावर, ठिपक्यावर गालाचा रंग चढवला. दोन हात द्यावे लागले. काळा रंग खालून डोकावत होता. सिस्टर म्हणाल्या, "आता झालं, पर्फेक्ट," आणि चित्र फ्रेमसाठी ठेवून घेतलं. पर्फेक्ट! तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी स्वल्प म्हटलं नाही.

घरी सासूबाई अलकाला पायांवर घेऊन बसल्या होत्या.

"आवडलं का त्यांना?"

"आवडलं. तीट पुसायला लावली तेवढी."

त्यांचे हात थांबले. "कुणाची पुसली?"

"येशूची."

"येशूची कुठली? तोंड आमच्या अलकव्वाचं हाय."

मी पिशवीतले ब्रश काढून धुवायला लागले.

"किती माणसं बघणार म्हणालीस ते चित्र?"

लाखांनी बघतील, असं मीच त्यांना सांगितलं होतं, फुशारकीनं, महिन्यापूर्वी. "असतील पुष्कळ," मी म्हटलं.

"आणि मग?"

"मग रोमला जाणार."

"तिथं काय करणार?"

"टांगतील कुठेतरी."

"म्हणजे रोज बघणार," सासूबाई म्हणाल्या. "जन्मभर. परकी माणसं. झोपलेल्या पोरीला. आणि गालाला काही न्हाई." त्यांनी आवाज चढवला असता तर मला भांडता आलं असतं. त्यांनी अलकाचं झबलं नुसतं खाली ओढलं, थंडी वाजत असल्यासारखं.

शनिवारी सकाळी अलकाचं अंग कोमट लागलं. थर्मामीटर लावला. एकशे एक. डॉक्टर म्हणाले, दात येतायत, घाबरू नका. रविवारी एकशे दोन. पोर दूध घेईना, मांडीवरून उतरेना, आणि झोपली की चित्रातल्यासारखी झोपे, एक गाल वर. मला तिच्याकडे बघवेना.

"अहो, मी उद्या शिवाजीनगरला जाऊन येते," मी यांना म्हटलं. "फ्रेमवाल्याकडे."

"कशाला?"

मी सांगितलं. यांनी पेपर खाली ठेवला.

"विद्या, पोप अजून रोमहून निघालेसुद्धा नाहीत. चित्र आहे दुकानात. तिथे ते बघणार कोण? सुतार?"

"सुतार बघणारच ना."

"आणि त्याच्या बघण्यानं इथे ताप चढला. शिवाजीनगरहून मल्लेश्वरम. तारेशिवाय." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "अगं, तू बी.ए. आहेस."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. मला त्यांचं म्हणणं पटत होतं, आणि म्हणूनच मला त्यांचा राग येत होता. माझ्या बाजूनं एकही मुद्दा नव्हता. नुसता तापलेला गाल होता.

सोमवारी अलकाला सासूबाईंजवळ ठेवून मी बसनं गेले. पर्समध्ये बारीक ब्रश, काळ्या रंगाची बाटली आणि, असावी म्हणून, काजळाची डबी.

फ्रेमवाला रघुपती म्हणजे तिथलाच जुना रहिवासी, चार पिढ्या बंगलोरात गेलेला मराठी माणूस. पन्नाशी उलटलेला. दुकान बोळासारखं अरुंद, आणि पेटी पुढेच मांडून ठेवलेली. झाकण अजून लावलं नव्हतं. आत गवताच्या गादीवर माझं चित्र, सोनेरी चौकटीत, काचेखाली.

"नमस्कार, अण्णा. हे मी काढलंय. याला जरा एक हात द्यायचा राहिलाय. काच काढता का?"

"काच बसली, अक्का. मागनं कागद चिकटवला. आता खोलायचं तर सिस्टरची चिट्ठी पायजे." त्यानं तोंडातले खिळे हातावर काढले. "काय राहिलंय? सगळं बरोबर दिसतंय."

"एक ठिपका."

"कसला ठिपका?"

रस्त्यावरून बायका जात होत्या, मी पदर नीट केला. "दृष्टीचा," मी म्हटलं.

"दृष्टी बोट्टु?" रघुपतीनं हातोडा खाली ठेवला. "मग हे आधी न्हाई सांगायचं? शुक्रवारी संध्याकाळी आलं चित्र. शनिवारी चौकट लावली आणि पुढं उभं करून ठेवलं वाळायला. येणारा-जाणारा थांबतोय. काय पोर हो, काय पोर. त्या समोरच्या बेकरीतला मालक दोनदा येऊन गेला. मी पण मनात म्हटलं, एवढं गोड लेकरू आणि उघडंच कसं ठेवलंय आईनं?"

शनिवार. अलकाचा तापही शनिवारचाच. तर्कशास्त्राच्या आमच्या सरांनी याला नाव शिकवलं होतं: एका गोष्टीच्या मागून दुसरी घडली म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली, असं नसतं. परीक्षेत त्यावर मला दहापैकी आठ मिळाले होते.

"अण्णा, पाया पडते, खोला."

"कागद फाडला तर सिस्टर माझी चामडी काढतील. आणि वर्ख काचेला चिकटला असंल तर सगळंच जाईल, तुमचीच मेहनत." त्यानं पेटीत वाकून बघितलं. "काचेवर लावा की. स्वल्प. कोण बघतंय? लागलं म्हणजे झालं."

मी डबी उघडली. करंगळीच्या टोकावर काजळ घेतलं आणि काचेवर, बरोबर गालाच्या वर, ठेवलं. सरळ वरून बघितलं की ठिपका गालावर. डावीकडे सरकलं की तो नाकावर जाई, उजवीकडे सरकलं की मेरीच्या मनगटावर. तरी माझ्या छातीवरचं ओझं जरा हललं. दोन दिवसांत पहिल्यांदा मी पुरता श्वास घेतला.

"सरी, झालं," रघुपती म्हणाला आणि पेटीचं झाकण आणायला आत वळला.

तेवढ्यात शाळेचा जटका दाराशी थांबला.

सिस्टर बेनेडिक्टा खाली उतरल्या. "अरे, मिसेस हुक्केरीकर, तुम्ही? बरं झालं. गाडी उद्या सकाळची आहे, पेटी आत्ताच न्यायची." त्या पेटीवर वाकल्या. सगळीकडून बघितलं, चौकटीच्या कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. मग बाळाशी येऊन थांबल्या.

बेकरीतून पावाचा वास येत होता.

"धूळ," सिस्टर म्हणाल्या. बाहीतला पांढरा रुमाल काढला आणि काचेवरून फिरवला. काजळ ते, एका फटक्यात जात नाही. त्यांनी रुमालाला तोंडाची वाफ दिली आणि परत पुसलं, चांगलं दाबून.

"सिस्टर, ते..." मी म्हटलं.

"काय ते?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. समजून बघत होत्या की न समजून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मला जूनमधली जागा आठवली. मला असंही वाटलं की आता गालबोट म्हटलं, तर सुताराच्या दुकानात, रस्त्यावर, मला ते शब्दांत सांगावं लागेल, आणि सांगितलं की ते ऐकताना मलाच हसू येईल.

"काही नाही," मी म्हटलं.

त्यांनी रुमालाकडे बघितलं. काळा डाग आत जाईल अशी घडी घातली आणि तो बाहीत ठेवला. "रघुपती, बंद करा."

सोळा खिळे ठोकले त्यानं. माझ्याकडे वर बघितलं नाही. मी डबी मुठीत धरून उभी होते. ती इतकी घट्ट धरली होती की बसमध्ये मूठ उघडली तेव्हा तळव्यावर तिचा गोल उमटला होता. एवढं शिकलेली बाई, तीन महिने सगळं पुसत राहिले. एक गोष्ट मला हवी होती, तीही मी तोंडानं मागितली नाही.

मंगळवारी दुपारी अलकाचा ताप उतरला. बुधवारी खालच्या हिरडीतून तांदळाएवढा दात वर आला.

"बघ," हे म्हणाले. "दात."

"पेटी बंद झाली म्हणून उतरला," सासूबाई म्हणाल्या. "आत अंधार. कोण बघणार?"

दोघांचंही समाधान झालं. दोघंही चहा प्यायले. माझं मात्र डोकं पुढे पळत होतं: पेटी आज ना उद्या उघडणारच ना? सासूबाईंनी हुक्केरीहून एक पोवळं मागवलं आणि काळ्या दोऱ्यात ओवून अलकाच्या गळ्यात बांधलं. एरवी मी दोरा गळ्याला काचेल, पोर तो तोंडात घालेल, म्हणून नको म्हटलं असतं. या वेळी मी फक्त गाठ ओढून बघितली.

डिसेंबरात चार दिवस पेपरात दुसरं काही नव्हतं. मुंबईतली गर्दी, गाड्या, फुलं. मी प्रत्येक फोटो भिंगानं बघितला. भेटींचा कुठे फोटो नव्हता. पुढे शाळेला पोच आली: 'बंगलोरच्या विद्यार्थिनींकडून, एक चित्र.' माझं नाव नसणारच होतं. पण ते चित्र आता कुठे आहे, भिंतीवर की तळघरात, त्याच्यावर उजेड पडतो का, त्याच्यासमोर कुणी थांबतं का, हेही त्यात नव्हतं. सिस्टरांना विचारलं तर म्हणाल्या, "रोम केवढं आहे, मिसेस हुक्केरीकर!"

मार्चमध्ये उलट भेट आली. शाळेतल्या बाहेरच्या दिवाणखान्यात ती टांगली आणि सगळ्या शिक्षिकांना, आणि मलाही, बघायला बोलावलं. मी अलकाला कडेवर घेऊन गेले. सासूबाईंना त्या दिवशी बरं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाकडे मी तिला ठेवत नाही.

जुन्या इटालियन चित्राची छापील प्रत होती ती, जाड सोनेरी चौकटीत. मेरी आणि बाळ. समितीतले एक फादर इंग्रजीतून समजावून सांगत होते. हा निळा रंग म्हणजे स्वर्ग, हे फळ म्हणजे पाप. "आणि बाळाच्या गळ्यात हे जे लाल आहे, ते त्याच्या पुढे सांडणाऱ्या रक्ताचं प्रतीक."

मी पुढे होऊन बघितलं. बाळाच्या गळ्यात बारीक दोरा होता, आणि दोऱ्यात लाल, वाकडंतिकडं, झाडाच्या फांदीसारखं काहीतरी. ते काय आहे हे मला फादरांनी सांगायची गरज नव्हती. अलकानं हात लांब केला, चित्राकडे बोट दाखवलं आणि दुसऱ्या मुठीत आपल्या गळ्यातलं धरलं.

फादर चहाला गेले. शिक्षिका पांगल्या. सिस्टर बेनेडिक्टा उभ्याच होत्या. त्यांची नजर चित्रातल्या गळ्यावरून अलकाच्या गळ्यावर आली, आणि परत तिकडे गेली.

"पोवळं आहे," मी म्हटलं. "आमच्याकडे बाळाला घालतात. दृष्ट लागू नये म्हणून. तुमच्याकडेही घालत असतील, कारवारला."

त्यांनी चौकटीचा कोपरा बोटानं सरळ केला.

"सिस्टर, यांचं चालतं. रोमहून येतं, चौकटीत. मग माझं का पुसायला लावलंत?"

या वेळी मी विचारलं. चार महिने उशिरा, पण तोंडानं विचारलं. त्यांनी बाहीतून रुमाल काढला, उगीचच ओठ टिपले. मग अगदी हळू, मुलीला समजवावं तसं म्हणाल्या:

"ते काळं होतं, मिसेस हुक्केरीकर. हे लाल आहे."

मी वाट बघितली. त्यांचं एवढंच उत्तर होतं आणि त्यांना स्वतःलाही ते पुरत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण त्यानं मला काय मिळणार होतं? चित्र परत येणार नव्हतं. मी अलकाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि निघाले. जूनमधल्या जागेबद्दल त्या मागून काहीतरी म्हणाल्या. मी "बघू" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अलकाला न्हाऊ घातलं, पावडर लावली, झबलं चढवलं. डबी उघडून उजव्या गालाला काजळ लावलं. मग बोट परत डबीत घातलं आणि डाव्या गालालाही लावलं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "दोन?"

"एक इथलं."

"आणि हे?"

"ते तिकडचं, रोमचं," मी म्हटलं. म्हणताना मला माझीच चीड आली, पण हात मी मागे घेतला नाही.

सासूबाईंनी अलकाची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, डावा गाल नीट बघितला.

"जरा मोठं लाव मग," त्या म्हणाल्या. "लांब हाय ते."